वादळ गेल्यावरची मोजदाद

आपल्या सोसायटीच्या इमारतीची कोणतीही जुनी विमा पॉलिसी काढून बघा. आगीच्या कलमाखाली थोडे उतरले की एक लांबलचक यादी सापडते: वादळ, चक्रीवादळ, टायफून, टेम्पेस्ट, हरिकेन, टॉर्नेडो, पूर आणि जलमय होणे. बँकेत आम्ही या सगळ्या खटल्याला 'एसटीएफआय' म्हणायचो. गोडाउनमधल्या मालावर कर्ज द्यायचे झाले की पॉलिसीत एसटीएफआय आहे ना, एवढे बघायचे, टिकमार्क करायचा आणि पुढचा कागद घ्यायचा. टायफून आणि हरिकेन यांत फरक काय, बुधवार पेठेत टॉर्नेडो कशाला तडमडायला येईल, हे मी तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला विचारले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही.

स्मरणिका समितीने मला 'आपल्या परिसराचा इतिहास' लिहायला सांगितले. तुळशीबाग, तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ गणपती, पासोड्या विठोबा यांच्यावर माझ्यापेक्षा जाणत्यांनी भरपूर लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते एका वेगळ्याच गोष्टीवर. वारा येतो, पाडापाडी करतो आणि निघून जातो. मग मागे राहिलेल्या माणसांनी काय पडले हे मोजायचे असते. ही मोजदाद कशी होत आली आहे आणि तिच्यात काय सुटत आले आहे, याचाही एक इतिहास आहे. २०२० च्या जून महिन्यात त्याचे एक छोटे पान आपल्याच गच्चीवर लिहिले गेले, म्हणून तो आपल्या स्मरणिकेत यावा असे वाटले.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत वावटळ आहे, वादळ आहे, चक्रीवादळ आहे. वावटळ म्हणजे उन्हाळ्यात मोकळ्या माळावर धूळ-पाचोळा गरगर फिरवत जाणारी. ती तापलेल्या जमिनीतून उठते आणि मिनिटाभरात विरते. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, त्याचा पसारा शेकडो किलोमीटरचा असतो आणि ते कित्येक दिवस जगते. टॉर्नेडो या दोघांच्या मधला. मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरलेला, जमिनीला टेकलेला हवेचा भोवरा. रुंदी बहुधा काही दहा-वीस मीटरपासून काहीशे मीटरपर्यंत, आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचे. आपल्याकडे वर्तमानपत्रे एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या सोसाट्यालाही बेधडक 'चक्रीवादळ' म्हणून मोकळी होतात. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर डासांचे जे उंच खांब दिसले, त्यांना तर 'मॉस्किटो टॉर्नेडो' असे नाव पडले! त्यात वारा नव्हता, नुसते डास होते. असो.

खरा टॉर्नेडो भारतात दुर्मिळ, पण अगदीच अपरिचित नाही. मार्च १९७८ मध्ये उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसराला आणि आजूबाजूच्या वस्तीला एका टॉर्नेडोने झोडपले. काही मिनिटांचा खेळ, पट्टा अरुंद. पण २८ माणसे गेली आणि शेकडो जखमी झाली. रस्त्याच्या या बाजूची झाडे मुळासकट आडवी आणि पलीकडच्या बाजूला काही नाही, असे दृश्य टॉर्नेडोनंतर दिसते. म्हणूनच त्याचे मोजमाप अवघड. वेधशाळेचे वाऱ्याचे यंत्र शहरात एखाद्या ठिकाणी असते. भोवरा त्याच्यावरून जाईल याची शक्यता किती? आणि गेलाच, तर यंत्रच उखडून नेण्याची शक्यता जास्त.

मग वाऱ्याचा वेग कळतो कसा? तो पडझडीवरून उलटा काढतात. काय मोडले, किती मोडले, ते मोडायला साधारण किती जोर लागला असेल, असा हा हिशेब. मला हे पहिल्यांदा समजले तेव्हा गंमत वाटली. कारण दिवाळखोरीत गेलेल्या गिऱ्हाइकाच्या वह्यांवरून धंदा कुठे बुडाला हे आम्ही असेच काढायचो.

ही पद्धत जुनी आहे. १८०५ साली ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने वाऱ्याला ० ते १२ असे क्रमांक दिले, ते समुद्र आणि शिडे यांच्याकडे पाहून. जमिनीवरच्या खुणा त्याला जोडल्या १९०६ च्या सुमारास जॉर्ज सिम्प्सन नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने: क्रमांक ९ ला घरांची किरकोळ मोडतोड, १० ला झाडे उन्मळणे, वगैरे. हा सिम्प्सन त्याच काळात भारताच्या हवामान खात्यात, शिमल्याला नोकरीला आला. ते शिमल्याचे कार्यालय १९२८ मध्ये पुण्यात हलले. शिवाजीनगरच्या ज्या चौकाला आपण अजून 'शिमला ऑफिस' म्हणतो, रिक्षावाल्यालाही तेच सांगतो, ते हेच. मुख्यालय १९४४ ला दिल्लीला गेले, तरी पुणेकरांनी नाव सोडलेले नाही.

टॉर्नेडोची पट्टी मात्र एका जपानी माणसाची. तेत्सुया फुजिता. १९४५ च्या ऑगस्टमध्ये तो कोकुरा शहराजवळच्या कॉलेजात शिकवत होता. दुसरा अणुबाँब आधी कोकुरावरच पडायचा होता. तिथे खालचे नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीला वळले. नंतर फुजिता नागासाकीला नुकसानीची पाहणी करायला गेला. स्मशानात थडग्यांपुढे फुले ठेवायची बांबूची नळकांडी असतात, त्यांच्या कोणत्या बाजू होरपळल्या आहेत हे बघून त्याने स्फोट किती उंचीवर झाला याचा अंदाज बांधला. पुढे तो शिकागो विद्यापीठात गेला आणि १९७१ साली त्याने टॉर्नेडोसाठी एफ-० ते एफ-५ अशी पट्टी मांडली. विमानातून पडलेली झाडे बघत असताना त्याला काही ठिकाणी ती एका मध्यबिंदूपासून चारी दिशांना ताऱ्यासारखी पसरलेली दिसली. नागासाकीत आणि हिरोशिमात त्याने तशीच पाहिली होती. त्यावरून ढगातून एकदम खाली आदळणाऱ्या वाऱ्याची, म्हणजे टॉर्नेडो नसलेल्या वाऱ्याची ओळख पटली. पडझड एकमेकींकडे वळलेली, फिरलेली असेल तर भोवरा. सगळी एका दिशेला किंवा बाहेरच्या बाजूला पसरलेली असेल तर सरळ वारा. जमिनीवर उभे राहून हे ओळखायचे असेल तर अट एकच. पडलेले हलवायच्या आधी बघायला हवे.

फुजिताच्या पट्टीत पुढे एक दोष सापडला. घर पडले म्हणजे वारा जोराचाच होता, असे ती धरून चालायची. अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा लक्षात आले की कित्येकांचे छप्पर भिंतीला नीट बांधलेलेच नव्हते. ती घरे बऱ्याच कमी वाऱ्यातही गेली असती. म्हणून २००७ पासून अमेरिकेत सुधारलेली पट्टी आली. तिच्यात २८ प्रकारच्या वस्तू आहेत: घर, शाळा, गोदाम, विजेचा खांब, झाड. प्रत्येकाच्या मोडतोडीच्या पायऱ्या आहेत आणि बांधकाम कच्चे की पक्के यावरून वेगाचा अंदाज खाली-वर करतात. सर्वांत खालची पायरी ईएफ-०, म्हणजे ताशी साधारण १०५ ते १३७ किलोमीटर. जपानने तर स्वतःची यादी वेगळी केली आणि २०१६ पासून वापरायला घेतली. तिच्यात त्यांच्या पद्धतीची कौलारू घरे आहेत, रस्त्यावरची शीतपेयांची यंत्रे आहेत आणि थडग्यांचे दगडही आहेत. जिथे जे असते, तिथे ते मोजायचे.

आपल्या पेठेची यादी करायची झाली तर मी काय लिहीन? वाड्याचे मंगलोरी कौल. गच्चीवरची पत्र्याची पावसाळी शेड. काळी पाण्याची टाकी, रिकामी आणि भरलेली अशी वेगवेगळी. सोलरच्या काचा, डिशच्या तबकड्या, कठड्यावरच्या कुंड्या (यावर सर्वसाधारण सभेत दर वर्षी बोलणे होते, दर वर्षी कुंड्या तिथेच असतात). तुळशीबागेतल्या स्टॉलच्या ताडपत्र्या. भाद्रपदात मांडवाच्या कमानी आणि बाराही महिने नगरसेवकांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स.

आता ३ जून २०२०. 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. आकडा बघा, दुबळ्या टॉर्नेडोच्या, म्हणजे ईएफ-० च्या घरातला. सरासरी काढायची पद्धत दोन्हीकडे सारखी नसते, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो. फरक एवढाच की टॉर्नेडोचा पट्टा एका गल्लीएवढा, तर निसर्गाचा दोन-तीन जिल्ह्यांएवढा. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत घरांची छपरे गेली, विजेचे खांब ओळीने झोपले, नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. वादळ घाट चढून ईशान्येकडे सरकले तसा त्याचा जोर कमी झाला, तरी मावळ-मुळशी-खेड-जुन्नरकडे घरांचे पत्रे आणि शेतातली पॉलिहाऊस गेली आणि पुणे शहरात ठिकठिकाणी झाडे पडली.

आपल्या गच्चीवरच्या शेडचे २२ पैकी ९ पत्रे उडाले. लॉकडाऊनमुळे सगळे घरातच होते, त्यामुळे आवाज सगळ्यांनी ऐकला. माझ्या मिसेसना वाटले पाण्याची टाकीच खाली आली. सहा पत्रे आपल्याच आवारात पडले, दोन रस्त्यावर, आणि एक शेजारच्या वाड्याच्या कौलांवर कोपऱ्याने घुसला. देवाची कृपा म्हणायची की रस्त्यावर त्या दिवसांत चिटपाखरू नव्हते.

वारा थांबल्यावर मुले पत्रे गोळा करायला धावली. आपल्या त्या वेळच्या सेक्रेटरी बाईंनी त्यांना थांबवले. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. आवाज अजून वर्गातलाच. "कोणी कशाला हात लावायचा नाही. आधी फोटो, मग मोजणी, मग आवराआवर." रस्त्यावरचे दोन तेवढे बाजूला घेतले, तेही जागेवर खडूने खूण करून. मग बाईंनी फूटपट्टी शेजारी ठेवून एकेका पत्र्याचा फोटो काढायला लावला आणि मला वही देऊन लिहायला बसवले. ती वही मी या लेखासाठी पुन्हा काढली. पत्रे सगळे ईशान्येच्या बाजूला गेलेले. म्हणजे सरळ वारा. फुजितांना सांगायला हरकत नाही. आणि उडालेल्या नऊ पत्र्यांखालच्या हुकांपैकी निम्म्याहून जास्त गंजून तुटलेले किंवा मुळातच नसलेले. राहिलेल्या तेरा पत्र्यांचे हुक शाबूत. त्या दिवशी आपल्याकडे वारा किनाऱ्याच्या मानाने बराच कमी होता. आपले पत्रे वाऱ्याने कमी आणि गंजाने जास्त उडाले, हे त्या एका पानावर स्वच्छ दिसते. फोटो काढायच्या आधी पत्रे गोळा केले असते तर 'निसर्ग वादळात शेडचे नुकसान' एवढेच वाक्य राहिले असते.

पण खरे नुकसान शेजारी झाले होते. वाड्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे पत्रा घुसला त्याच खोलीत, एक आजी भाडेकरू म्हणून राहायच्या. सासऱ्यांच्या वेळेपासूनची जागा. कौले फुटली, आणि त्या दिवशीचा पाऊस सरळ खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर. ट्रंकेत लुगडी होती, फोटो होते, आणि एका पिशवीत भाडेपावत्या. १९५० च्या दशकापासूनच्या, हाताने लिहिलेल्या, शाईच्या. आजींनी आधी लुगड्यांकडे पाहिलेच नाही. पावत्या बघून त्या मटकन खालीच बसल्या.

आपल्यातल्या नव्या फ्लॅटवाल्या मंडळींना यातले गांभीर्य कदाचित कळणार नाही. पेठेतल्या वाड्यातल्या भाडेकरूपाशी मालकीचा कागद नसतो. त्याच्यापाशी असतात त्या पावत्या. वाडा पडला म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. पण हक्क टिकतो म्हणायला आधी तो होता हे दाखवावे लागते. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की बिल्डरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, पावत्या आहेत का?

दोन दिवसांनी तिथे पाहणी झाली. पंचनामा हा शब्द पाच पंचांवरून आला असला तरी सह्या बहुधा दोघांच्या असतात. जागेचे वर्णन, चतुःसीमा, काय पडले, अंदाजे रक्कम, पंचांच्या सह्या, असा तो कागद. सरकारी निकषात घराची पडझड 'अंशतः' धरायची तर ती किमान १५ टक्के असावी लागते. निसर्गानंतर राज्य सरकारने मदतीचे दर वाढवले; अंशतः पडलेल्या घराला ६,००० ऐवजी १५,००० रुपये, पूर्ण नष्ट झालेल्याला ९५,१०० ऐवजी दीड लाख. वाढ चांगलीच होती. पण मोठ्या वाड्याच्या एका कोपऱ्यातली वीस-पंचवीस कौले म्हणजे वाड्याचे किती टक्के? आणि घर म्हणजे तरी कोणते, अख्खा वाडा की आजींची एक खोली? वाड्याचे नुकसान 'किरकोळ' ठरले. आलेल्या माणसाचा दोष नव्हता. त्याच्या कागदावर तोच रकाना होता. भिजलेल्या पावत्यांना रकाना नव्हता.

मोजायचे माप कोणते यावर किती अवलंबून असते, हे कोकणात याहून ठळक दिसले. बागायतीची मदत हेक्टरी ठरली, १८,००० वरून ५०,००० रुपये. ऐकायला मोठी. पण श्रीवर्धनकडची वाडी ही हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांत नारळ, त्याखाली पोफळी, मिरीचे वेल, जायफळ, असे एकावर एक मजले. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे हाती येणार ५,०००. आणि पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे. बागायतदारांनी ओरड केली, तेव्हा पुढे झाडामागे मदत देण्याचे ठरले: नारळाला २५०, सुपारीला ५० रुपये. हे पुरेसे होते असे मी म्हणणार नाही. पण 'जमीन' मोजायची की 'झाड' मोजायचे, हा प्रश्न निदान कागदावर आला.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पानशेत आठवणारी माणसे आपल्या सोसायटीत आता मोजकीच उरली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पाण्यापेक्षा मला नंतरचा चिखल आठवतो, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कागद. वह्या, पोथ्या, दस्त, पासबुके. कपडे वाळत घालावेत तसे. मातीच्या भिंतींचे वाडे पाणी ओसरल्यावर बसत गेले. मृतांच्या नेमक्या आकड्यावर आजही एकमत नाही, मग घरात काय काय होते याची यादी कोण देणार? मालकाचा वाडा पडला हे दिसत होते. वाड्यातल्या पंधरा बिऱ्हाडांचे काय गेले, हे त्या बिऱ्हाडांनीच सांगायचे, आणि सांगायला हाती कागद नाही.

त्यातून पुढे जे उभे राहिले ते मात्र आपल्यासारख्या सहकारी सोसायटीने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. गोखलेनगर, दत्तवाडी, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आणि पूरग्रस्तांच्या शंभरावर सहकारी गृहनिर्माण संस्था निघाल्या. सहकारनगर हे नावच सांगते. पेठेत भाडेकरू असलेली माणसे तिथे सभासद झाली. अर्थात जमीन सरकारची, भाडेपट्ट्याची. तिच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके चालला. ज्यांनी वाटपाचे पत्र, पैसे भरल्याच्या पावत्या जपल्या त्यांची मुले-नातवंडे आज सुखाने आहेत. ज्यांच्या हरवल्या, त्यांचे हेलपाटे मी बँकेच्या काउंटरवरून पाहिले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या चलनाची नक्कल मागायला येणाऱ्या माणसाला काय सांगायचे?

म्हणून आजींच्या पावत्या आम्ही सोडल्या नाहीत. ओला कागद सुटा करायची बँकेतली रीत मला ठाऊक होती. ओढाताण करायची नाही, जुन्या वर्तमानपत्रांत एकेक थर ठेवायचा, पंखा मंद, ऊन अजिबात नाही. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या दोन मुली मास्क लावून चार दिवस हे करत होत्या. शाई बऱ्याच ठिकाणी पसरली होती, पण तारीख आणि सही दिसेल अशा साडेतीनशेच्या वर पावत्या निघाल्या. मुलींनी सगळ्यांचे मोबाइलवर फोटो घेतले, वर्षवार लावले, आणि किती पावत्या वाचता येत नाहीत याची वेगळी यादी केली. ती यादी करायचे मला सुचले नव्हते, त्यांना सुचले.

कौलांचा खर्च कोणी द्यायचा यावर आपल्या कमिटीत जे रामायण झाले ते इतिवृत्तात आहे. एक मत असे की वादळ ही दैवी आपत्ती, सोसायटीचा काय संबंध? दुसरे असे की पत्रा आपला आणि हुकही आपलेच गंजलेले. वहीतले पान पुढे ठेवल्यावर पहिले मत मवाळ झाले. कौले, रिपा आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो वर्गणी काढून दिला. दोन सभासदांनी दिली नाही. नावे सांगत नाही, त्यांनाही हा अंक मिळणार आहे.

विम्याचे काय झाले, हे नव्या सभासदांना माहीत असावे. ज्या कंपनीची पॉलिसी होती तिचा सर्व्हेअर लॉकडाऊनमुळे उशिरा आला. फोटो आणि वही बघून त्याने नुकसान झाले हे निमूट मान्य केले. पण शेड मंजूर नकाशात नाही, म्हणून विम्याच्या रकमेत ती धरलेली नाही, असे म्हणून शेड वगळली. उरले टाकीचे झाकण, सोलरची काच आणि कठड्याचा टवका. अशा पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीच्या दाव्यातून ५ टक्के किंवा किमान १०,००० रुपये आपण सोसायचे असतात. आपला दावा त्याच्या आतच बसला, हातात शून्य. शेजारच्या कौलांबद्दल तर प्रश्नच नव्हता. इमारतीची पॉलिसी आपल्या इमारतीची असते, आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीला वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत इमारतीचा विमा आग आणि भूकंप या दोन जोखमींसाठी काढणे आवश्यक म्हटले आहे. वाऱ्याचे नाव त्यात नाही, पाण्याचेही नाही. कोणी खर्च वाचवायला तेवढाच विमा काढला तर उपविधी पाळली जाते आणि छप्पर उघडे राहते. आणखी एक. जुन्या पॉलिसीत इमारतीची किंमत कमी दाखवली असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जायचा. दोन कोटींच्या इमारतीचा विमा एक कोटीचा असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी आणि सोसायट्यांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आली, तिच्यात ही कपात नाही. आपण २०२२ ला तिच्यावर आलो. शेजाऱ्याच्या नुकसानीच्या संरक्षणाचा ठराव दोनदा मांडला, दोनदा पुढे ढकलला. हप्ता फार नाही. विषय येईपर्यंत चहाची वेळ होते.

आजी मागच्या वर्षी गेल्या. वाड्याच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत आणि त्यांच्या मुलाने जोडलेल्या कागदांत त्या पावत्यांचा संच आहे, न वाचता येणाऱ्यांच्या यादीसकट. शेड आपण काढून टाकली. सेक्रेटरी बाईंची वही मात्र चालू आहे. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी गच्चीचे, टाक्यांचे, गटाराच्या पाइपांचे आणि कठड्याच्या चारी बाजूंचे फोटो काढायचे आणि वहीत तारीख घालून दोघांनी सही करायची, असे ठरले आहे. यंदाची पाळी तिसऱ्या मजल्याची आहे.